बसलेल्या अकिलीजचे चपळ पाय : मिल्मन पॅरी यांचे जीवन आणि कार्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. द्वितीय वर्षाच्या वर्गावर मी पाश्चात्त्य महाकाव्याची लक्षणे शिकवीत होतो. ‘इलियड’च्या नवव्या सर्गातील प्रसंग चालू होता. ॲगमेम्नॉनने केलेल्या अपमानामुळे अकिलीज युद्धातून निघून गेला आहे, आपल्या छावणीत तंतुवाद्य वाजवीत बसला आहे, त्याची समजूत घालण्यासाठी ओडिसिअस आणि इतर मंडळी आली आहेत. ओडिसिअसचे भाषण संपते आणि चपळ पायांचा अकिलीज उत्तर देऊ लागतो. एवढे वाचून मी पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. बसून बोलणाऱ्या माणसाच्या पायांची चपळाई कवीला इथे कशासाठी आठवावी, असे त्याने विचारले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जहाजांनाही होमर वेगवान म्हणतो, तेही त्याने टिपून ठेवले होते.

मी त्या वेळी उत्तर दिले. विशेषण हा अलंकार असून कवीने येथे मुद्दाम उपरोध साधला आहे, चपळ पाय निष्क्रिय बसले आहेत हे त्याला सुचवायचे आहे, असे काहीसे मी ठासून सांगितले. मग जहाजांचे काय, असे त्याने पुन्हा विचारले. तास संपत आला आहे, परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरे, असे म्हणून मी त्याला खाली बसविले. वर्ग हसला. तोही थोडेसे हसला आणि बसला. त्यानंतर वर्षभर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रसंग पुष्कळ येतात आणि विस्मरणातही जातात. हा मात्र गेला नाही. कारण उत्तर देताना ते मला स्वतःलाच पटलेले नव्हते. पुढे एका सुट्टीत मी या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा समजले की हाच प्रश्न एका तरुण अमेरिकन अभ्यासकाने आपल्या आयुष्याचा प्रश्न केला होता, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता होमरकडे पाहण्याची साऱ्या जगाची दृष्टी पालटली होती. त्या अभ्यासकाचे नाव मिल्मन पॅरी. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मिल्मन पॅरी यांचा जन्म २३ जून १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. घरात ग्रीक-लॅटिन पांडित्याची परंपरा नव्हती, पैशाची सुबत्ताही नव्हती. जवळच्याच बर्कली येथील विद्यापीठात ते शिकले आणि तेथे ग्रीक भाषेच्या नादी लागले. १९२३ साली त्यांनी एम. ए. साठी एक छोटासा प्रबंध लिहिला. विषय होता प्राचीन ग्रीक महाकाव्यातील शब्दयोजना. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. परंतु पुढे त्यांनी जे सिद्ध केले त्याचे बीज त्या प्रबंधात स्पष्ट दिसते. होमरची भाषा ही कोणा एका कवीने आपल्या प्रतिभेने घडविलेली भाषा नव्हे, ती कवींच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी मिळून घडविलेली आहे, हे ते बीज. त्याच वर्षी त्यांचा मरिअन थॅनहाउझर यांच्याशी विवाह झाला.

येथे थोडे थांबून त्या काळी विद्वानांत कोणता वाद चालू होता ते सांगणे आवश्यक आहे. १७९५ साली फ्रीडरिक ऑगुस्ट वोल्फ या जर्मन पंडिताने होमर नावाच्या एकाच कवीने ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ रचली याविषयी शंका उपस्थित केली. तेव्हापासून दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की ही काव्ये म्हणजे निरनिराळ्या कवींच्या लहानमोठ्या रचनांची जोडगोळी आहे. ते काव्याची चिरफाड करून जुना भाग कोणता आणि नवा कोणता हे ठरवू लागले. दुसरा तट म्हणे, एवढी सुसंगत कलाकृती एकाच महाकवीच्या हातून होऊ शकते. सव्वाशे वर्षे हा वाद चालला. दोन्ही तटांनी एक गोष्ट मात्र न बोलता गृहीत धरली होती. होमर एक असो की अनेक, त्याने आपल्यासारखेच लेखणी हाती घेऊन, शब्द निवडून, खोडून, पुन्हा लिहून काव्य केले असणार. पॅरी यांनी या वादात कोणताच पक्ष घेतला नाही. त्यांनी दोघांच्या पायाखालची ती जमीनच तपासायला घेतली.

विवाहानंतर पॅरी पत्नी आणि लहान मुलगी यांना घेऊन पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांनी असे प्रभुत्व मिळविले की डॉक्टरेटसाठी लागणारे दोन्ही प्रबंध त्यांनी त्याच भाषेत लिहिले आणि १९२८ साली ते प्रसिद्ध झाले. मोठा प्रबंध होमरच्या पारंपरिक विशेषणांवर, आणि धाकटा ठरीव पदसमूह व वृत्त यांच्या संबंधावर. त्याच वर्षी त्यांना ॲडम हा मुलगा झाला. त्या मुलाविषयी पुढे सांगावयाचे आहे.

प्रबंधातील मुद्दा आपल्या वाचकांना समजणे कठीण जाऊ नये, कारण वृत्ताची गणिते आपल्याला परकी नाहीत. ग्रीक महाकाव्याचे वृत्त आपल्या वृत्तांप्रमाणेच लघु-गुरूंवर उभे आहे. एका ओळीत सहा गण असतात. मूळ गण म्हणजे एक गुरू आणि दोन लघु, अर्थात आपला भगण. त्याऐवजी दोन गुरूही चालतात. शेवटचा गण दोन अक्षरांचा असतो. म्हणजे प्रत्येक गणाच्या चार याप्रमाणे ओळीच्या चोवीस मात्रा झाल्या. ओळीत यतीच्या जागाही ठरलेल्या असतात.

आता अकिलीज हे नाव ओळीच्या शेवटी आणायचे आहे असे समजा. शेवटच्या आठ मात्रा भरायच्या असतील तर होमर त्याला दिव्य अकिलीज म्हणतो. दहा मात्रा भरायच्या असतील तर तो चपळ पायांचा अकिलीज होतो. तेरा मात्रांची जागा असेल तर वेगवान पायांचा दिव्य अकिलीज. ओडिसिअसचे नावही लघु-गुरूंच्या दृष्टीने अगदी तसेच आहे. आठ मात्रांना दिव्य ओडिसिअस, दहा मात्रांना अनेक युक्त्यांचा ओडिसिअस, आणि तेरा मात्रांना पुष्कळ सोसलेला दिव्य ओडिसिअस. त्याला प्रत्युत्तर देत बोलला, या अर्थाचे एक ठरीव शब्द-संधान ग्रीकमध्ये चौदा मात्रांचे आहे. त्याच्यापुढे दहा मात्रांचे कोणतेही नाव जोडले की ओळ पूर्ण. त्याच अर्थाचे दुसरे एक संधान अकरा मात्रांचे आहे, त्याच्यापुढे तेरा मात्रांचे नाव येते. बोलणारा बसलेला आहे की धावतो आहे, याचा येथे संबंधच नाही. अकिलीज आपल्या छावणीत बसून उत्तर देतो आणि त्याचे पाय चपळ होतात, याचे कारण एवढेच की ओळीत दहा मात्रा उरल्या आहेत.

असे एखादे उदाहरण दाखविणे सोपे आहे, आणि पॅरी यांच्या आधीही काहींनी ते दाखविले होते. पॅरी यांचे मोठेपण त्यांच्या चिकाटीत आहे. ‘इलियड’च्या साडेपंधरा हजारांहून अधिक आणि ‘ओडिसी’च्या बारा हजारांहून अधिक ओळी त्यांनी विशेषणांसाठी चाळल्या. देव, वीर, जहाजे, समुद्र, घोडे या सर्वांची नावे कोणत्या विभक्तीत, ओळीच्या कोणत्या भागात, कोणत्या विशेषणासह येतात याची कोष्टके मांडली. त्यांतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली अशी की महत्त्वाच्या प्रत्येक पात्रासाठी ओळीतील प्रत्येक सोयीच्या जागेला बसेल असा पदसमूह तयार आहे. दुसरी अधिक आश्चर्यकारक. एका जागेसाठी, एका नावाला, सामान्यतः एकच पदसमूह आहे, दुसरा नाही. विस्तार मोठा, पण उधळपट्टी नाही. एखाद्या कुशल सुताराच्या पेटीत प्रत्येक कामाला हत्यार असावे, परंतु एकाच कामाला दोन हत्यारे नसावीत, तसा हा प्रकार.

मग त्यांनी हीच कसोटी लेखणीने महाकाव्य लिहिणाऱ्या अपोलोनिअस आणि व्हर्जिल या कवींना लावली. तेथे अशी व्यवस्था सापडली नाही. त्यांनी विशेषणे आपापल्या रुचीने निवडलेली दिसली. निष्कर्ष उघड होता. एवढी विशाल आणि इतकी काटकसरी व्यवस्था एका माणसाला एका आयुष्यात निर्माण करता येणार नाही. ती पिढ्यांची कमाई आहे. होमरच्या ओळींत कधी कधी वृत्त अडखळते, त्याचाही उलगडा धाकट्या प्रबंधात झाला. एका ठिकाणी चपखल बसणारा पदसमूह दुसऱ्या विभक्तीत किंवा दुसऱ्या पदसमूहाशेजारी वापरला की जोडावर खटका बसतो. कवी तो खटका सोसतो, पण पदसमूह सोडत नाही.

परंतु अशी व्यवस्था मुळात लागावीच का? लिहिणाऱ्या कवीला तिची गरज नाही. तो एका शब्दासाठी दुपारभर थांबू शकतो. पॅरिसमधील गुरू आंत्वान मेय्ये यांनी पॅरी यांचे लक्ष नेमके येथे वेधले. १९२८ च्या मे महिन्यात प्रबंधाची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा मेय्ये यांच्या सूचनेवरून मातिया मुर्को हे स्लोव्हेन विद्वानही हजर होते. मुर्को यांनी युगोस्लाव्हियातील खेड्यापाड्यांत फिरून वीरगाथा गाणाऱ्या निरक्षर गायकांचा अभ्यास केला होता. परंपरा हा शब्द पॅरी यांच्या हाती होताच. त्याच्याशेजारी मौखिक हा दुसरा शब्द आता येऊन उभा राहिला. होमरची ही सारी हत्यारे श्रोत्यांसमोर उभे राहून, न थांबता, त्या क्षणी ओळ रचणाऱ्या गायकाची आहेत, अशी त्यांची खात्री होत गेली.

अमेरिकेस परतल्यावर त्यांनी एक वर्ष आयोवा राज्यातील ड्रेक विद्यापीठात शिकविले आणि १९२९ मध्ये ते हार्वर्डला आले. १९३० आणि १९३२ साली त्यांचे दोन दीर्घ निबंध प्रसिद्ध झाले. पहिल्यात त्यांनी दोन्ही महाकाव्यांच्या आरंभीच्या पंचवीस-पंचवीस ओळी घेऊन त्यांतील कोणते शब्द काव्यात अन्यत्र पुन्हा येतात ते अधोरेखित करून दाखविले. फारच थोडे शब्द रेघेवाचून राहिले. दुसऱ्यात होमरच्या भाषेत निरनिराळ्या बोलींची आणि निरनिराळ्या काळांची रूपे शेजारी शेजारी का नांदतात याची मीमांसा केली. वृत्तात बसते म्हणून जुने रूप टिकते, नवे चालते तेथे नवे येते. कोणत्याही गावात कोणीही अशी भाषा बोलत नव्हते. ती फक्त गाण्याची भाषा होती.

वाचकहो, एखादा दुसरा विद्वान येथे थांबला असता. हार्वर्डसारखे विद्यापीठ, तिशीच्या आत मिळालेली कीर्ती, पत्नी आणि दोन मुले. परंतु पॅरी यांना आपल्या सिद्धान्तातील उणीव दिसत होती. मौखिक रचना कशी होते हे त्यांनी मृत काव्याच्या शब्दांवरून ताडले होते, प्रत्यक्ष पाहिले नव्हते. होमरला जाऊन विचारणे शक्य नव्हते. पण मुर्को यांनी सांगितलेले गायक अजून हयात होते.

१९३३ च्या उन्हाळ्यात ते प्रथम युगोस्लाव्हियात गेले. बरोबर नेलेले ध्वनिमुद्रणाचे यंत्र अपुरे पडले. दुसऱ्या खेपेस, जून १९३४ मध्ये, ते पूर्ण तयारीने गेले. कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी येथील एका कंपनीकडून त्यांनी खास यंत्र बनवून घेतले होते. ॲल्युमिनियमच्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटांचेच गाणे मावे. महाकाव्य तर तासन्‌तास चालणारे. म्हणून यंत्राला दोन फिरत्या चकत्या ठेवल्या होत्या. एक तबकडी भरत आली की कळ दाबून दुसरी सुरू करायची आणि तेवढ्यात पहिली बदलायची. गायकाला थांबावे लागू नये, ही त्यामागची सारी धडपड. गायक थांबला की तो विचार करू लागेल, आणि मग जे ऐकायला आपण आलो तेच निसटेल, हे पॅरी यांना पक्के कळले होते.

दुब्रोव्निक येथे त्यांनी बिऱ्हाड केले. सोबतीला दोन माणसे होती. हर्जेगोविनातील निकोला वुय्नोविच हे स्वतः गायक होते आणि लिहिते-वाचतेही होते. गायकांच्या मुलाखती तेच घेत. दुसरे आल्बर्ट लॉर्ड, हार्वर्डमधून नुकतेच पदवीधर झालेले बावीस वर्षांचे तरुण. ही मंडळी नोवी पाझार, गात्स्को, स्तोलाच, बियेलो पोल्ये अशा गावांतून यंत्र घेऊन हिंडली. तेथे रमझानच्या महिन्यात कॉफीघरांत रात्र रात्र वीरगाथा चालत. गायक गुस्ले नावाचे एकतारी, गजाने वाजवायचे वाद्य मांडीवर घेई. ओळ दहा अक्षरांची, चौथ्या अक्षरानंतर यती. वाद्याच्या सुरावर एकामागून एक ओळी येत राहत, क्षणाचाही खंड न पडता.

पॅरी यांनी केवळ गाणी साठविली नाहीत. त्यांनी परीक्षा घेतल्या. एकाच गायकाकडून एकच गाणे काही दिवसांच्या अंतराने पुन्हा गाऊन घेतले. गायक शपथेवर सांगत की आपण अक्षराचाही फरक केला नाही. तबकडी मात्र वेगळेच सांगे. ओळी कमीजास्त झालेल्या, वर्णने वाढलेली, शब्द बदललेले. गायक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. शब्द या शब्दाचा त्यांचा अर्थच आपल्याहून निराळा होता. छापील पानावर दोन पांढऱ्या जागांच्या मध्ये उभा असलेला शब्द त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. कथा तीच, प्रसंगांचा क्रम तोच, बोलण्याची रीत तीच, म्हणून गाणे तेच.

येथे आपल्या मनात एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो दूर केला पाहिजे. मौखिक परंपरा म्हटले की आपल्याला वेदपठण आठवते. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा युक्त्यांनी आपल्याकडे मुखानेच अक्षर न अक्षर जतन झाले. तेथे बदल म्हणजे प्रमाद. पॅरी यांनी पाहिलेली परंपरा याच्या उलट टोकाची. तेथे पाठांतर नाहीच. तेथे प्रत्येक गायन ही नवी रचना असते, आणि ठरीव पदसमूह हे त्या रचनेचे व्याकरण असते. मूल जसे वाक्ये पाठ न करता मातृभाषा शिकते, तसा तरुण गायक थोरांचे ऐकून ही भाषा शिकतो. लेखनाविना काव्य टिकण्याच्या वाटा दोन आहेत. होमरच्या बाबतीत कोणती वाट चालली गेली, हे ओळखण्याचे साधन पॅरी यांनी दिले.

१९३५ च्या उन्हाळ्यात बियेलो पोल्ये येथे त्यांची गाठ अव्दो मेजेदोविच यांच्याशी पडली. हे गृहस्थ व्यवसायाने खाटीक, वय साठीच्या आसपास, लिहिणे-वाचणे मुळीच येत नसे. आवाज गोड नव्हता, वाद्यावरचा हातही असामान्य नव्हता. पण त्यांच्यासारखा गायक पॅरी यांना दुसरा भेटला नाही. स्माइलागा यांच्या मेहो नावाच्या मुलाच्या लग्नाची कथा त्यांनी कित्येक दिवस बसून सांगितली आणि निकोला यांनी ती उतरून घेतली. ओळी भरल्या १२,३११. ‘ओडिसी’हून किंचित अधिकच. एवढे दीर्घ आणि एकसंध काव्य निरक्षर माणसाच्या मुखातून येणे शक्य नाही, असा होमरविषयीचा जो एक जुना आक्षेप होता, त्याचे उत्तर एका खाटकाने दिले.

एके दिवशी पॅरी यांनी आणखी एक प्रयोग केला. मुमिन व्लाहोव्ल्याक नावाच्या दुसऱ्या गायकाला अव्दोंनी पूर्वी कधी न ऐकलेले गाणे गायला लावले. अव्दो शेजारी बसून ऐकत होते. गाणे २,२९४ ओळींत संपले. मग अव्दोंना तेच गाणे म्हणाल काय, असे विचारण्यात आले. त्यांनी आधी मुमिनची स्तुती केली आणि मग गायला सुरुवात केली. त्यांचे गाणे ६,३१३ ओळींचे झाले. कथा तीच होती, परंतु माणसांच्या मनात काय चालले आहे ते आता दिसू लागले होते, वस्त्रांना रंग आले होते, घोड्यांवर साज चढला होता. सामग्री सर्वांची, पण गायक मोठा असेल तर त्याच सामग्रीचे काव्य मोठे होते. होमरमध्ये होमरचे असे काय उरले, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या दिवशी मिळाले होते, असे मला वाटते.

सप्टेंबर १९३५ मध्ये पॅरी परतले. बरोबर साडेतीन हजारांहून अधिक तबकड्या होत्या. गायकांच्या वीरगाथा आणि स्त्रियांची गीते धरून सुमारे १२,५०० संहिता जमल्या होत्या. त्यांनी एका पुस्तकाचा आरंभ केला. थोडीच पाने झाली. ३ डिसेंबर १९३५ रोजी, लॉस एंजेलिसमधील एका हॉटेलात, सामानातील पिस्तुलाची गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. पत्नी त्याच हॉटेलात होत्या. तो अपघात ठरविण्यात आला. मागाहून लोकांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क केले, आजही करतात. मला त्यांत शिरावेसे वाटत नाही. जो माणूस पुरावा हाती येईपर्यंत स्वतःच्या सिद्धान्तावरही विसंबला नाही, त्याच्या मृत्यूविषयी आपण पुराव्यावाचून बोलू नये हे बरे.

अपुऱ्या पानांना आता वाली कोण? ज्याने तबकड्या बदलल्या होत्या, यंत्राची कळ दाबली होती, तो तेवीस वर्षांचा लॉर्ड. त्याचे काम खरे म्हणजे संपले होते. परंतु त्याने ती पाने उचलली आणि आयुष्यभर खाली ठेवली नाहीत. महायुद्ध संपल्यावर तो पुन्हा त्या डोंगरांत गेला, अव्दोंना पुन्हा भेटला. १९६० साली लॉर्ड यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला त्यांनी पॅरी यांनी आपल्या अपूर्ण ग्रंथासाठी योजलेलेच नाव दिले : ‘कथांचा गायक’. थोर संगीतकार बेला बार्टोक यांनी अमेरिकेत आल्यावर पॅरी यांच्या तबकड्यांवरील स्त्रीगीतांचे स्वरलेखन केले. ते पुस्तक १९५१ साली, बार्टोक यांच्या मृत्यूनंतर, निघाले. अव्दोंचे महाकाव्य १९७४ साली छापले गेले. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात युद्ध झाले आणि त्या मुलुखातील जुने जीवन विस्कटून गेले. तबकड्या हार्वर्डच्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत.

आता ॲडमविषयी. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. तोही ग्रीकचा प्राध्यापक झाला. १९५६ साली त्याने एक छोटा निबंध लिहिला, विषय अकिलीजची भाषा. आणि त्यात कोणता प्रसंग घेतला असेल? नवव्या सर्गातील तोच. छावणीत बसलेल्या अकिलीजचे ते उत्तर. ॲडम यांचा विचार थोडक्यात असा. होमरच्या जगात प्रत्येकाला ठरीव भाषेतच बोलावे लागते, आणि ती भाषा वीरांचे जग जसे आहे तसे मान्य करून चालते. अकिलीजला तर ते जगच नकोसे झाले आहे. त्याच्यापाशी त्यासाठी वेगळे शब्द नाहीत. म्हणून तो ठरीव शब्द मोडून, वाकवून, उत्तर नसलेले प्रश्न विचारून बोलतो. वडिलांनी साचा दाखविला होता, मुलाने त्या साच्यात घुसमटणारा माणूस दाखविला. सर्वांना हा निबंध पटला असे नाही. पण वडिलांचा सिद्धान्त न नाकारता त्याच्या पुढे जाण्याची ती वाट होती.

१९७१ साली ॲडम यांनी वडिलांचे सारे लेखन एकत्र करून, दीर्घ प्रस्तावना लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोटारसायकलच्या अपघातात ते आणि त्यांच्या पत्नी ॲन या दोघांचाही अंत झाला. ॲन यादेखील होमरच्या अभ्यासक. इजिस्थस या खुनी, व्यभिचारी पुरुषाला ‘ओडिसी’त निष्कलंक अशा अर्थाचे मानले गेलेले विशेषण लागते, आणि मिल्मन पॅरी यांनी ते ठरीव विशेषणाचे उदाहरण म्हणून चर्चिले होते. त्या शब्दाचा अर्थ निष्कलंक असा नाहीच, तो रूपाशी संबंधित आहे, असे सुनेने एका ग्रंथात मांडले. तो १९७३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. एका विशेषणावर सासरा आणि सून यांचा असा वाद, आणि दोघेही हयात नसताना, मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पॅरी यांच्या सिद्धान्तावर पुढे आक्षेपही आले. होमरची प्रत्येक ओळ ठरीव नाही, काटकसरीच्या नियमाला अपवाद आहेत, काव्ये लिहून केव्हा आणि कशी घेतली गेली हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते होणारच. परंतु त्यांच्यानंतर कोणालाही होमर पूर्वीसारखा वाचता आला नाही. नव्याचा हव्यास म्हणजेच प्रतिभा, असे आपण समजत आलो. दुसऱ्यांनी वापरलेले शब्द वापरणे म्हणजे उसनवारी, असे आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तांबड्या शाईने लिहितो. जगातील एक सर्वश्रेष्ठ काव्य मात्र बहुतांशी दुसऱ्यांच्या शब्दांत रचले गेले आहे, आणि त्याने त्याचे मोठेपण उणे झालेले नाही.

असो. त्या मुलाला मी दिलेले उत्तर चूक होते. उपरोध असेलही, ॲडम पॅरी यांच्या वाटेने गेलेला एखादा अभ्यासक तो दाखवूनही देईल; पण मला त्या वेळी यातले काहीच माहीत नव्हते, आणि माहीत नाही असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. त्याने विचारलेला प्रश्न उत्तम होता. जहाजांचे उदाहरण तर अकिलीजपेक्षाही अधिक नेमके होते, कारण जहाजाच्या मनात उपरोध शोधता येत नाही. हल्ली मी तो सर्ग शिकवितो तेव्हा फळ्यावर चोवीस मात्रांची ओळ काढतो, शेवटच्या दहा मात्रांची जागा रिकामी ठेवतो आणि मुलांना ती भरायला सांगतो.

तो मुलगा सध्या कोठे असतो ते मला ठाऊक नाही. आपला वार्षिकांक माजी विद्यार्थ्यांपर्यंतही जातो. हा लेख त्याच्या हाती पडला, तर त्या दिवशी आपल्याला खाली बसविणाऱ्या शिक्षकाने उत्तर उशिरा का होईना दिले, एवढे त्याला कळावे.